चमचाभर तेल आणि तारेचा गोफ

आंबोलीचा घाट चढून आलं की माझ्या गाडीचा रिव्हर्स पडेना. सकाळी इंजिन थंड असताना गिअर मुकाट्याने पडायचा. घाटातल्या ट्रॅफिकनंतर मात्र क्लच पार तळापर्यंत दाबला तरी खर्रर्र. मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, गिअरबॉक्सजवळची रबरी नळी मला मुठीत धरायला सांगितली आणि पोऱ्याला क्लच मारायला बसवलं. मनगटावर नाडी लागावी तशी ती नळी प्रत्येक दाबाबरोबर फुगत होती. "तुमचा क्लच इथंच खर्च होतोय," मिस्त्री म्हणाले.

तारेच्या विणीची नळी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ब्रेडेड होज, बसवायचं माझ्या मनात होतंच. ती बसवली की क्लच हलका होतो, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. माझ्या गाडीत पायाचा जोर या नळीतल्या तेलातून क्लचपर्यंत पोचतो, त्यामुळे का चूक, ते तेलाच्या हिशोबात कळतं.

पॅडल ही एक तरफ. पाय १५ सेंटिमीटर खाली गेला की साधारण सहास एक या प्रमाणात पॅडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकतो. या सिलिंडरचा व्यास पाऊण इंचाहून थोडा कमी, समजा ५/८ इंच. म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर पुढे ढकललं जाणारं तेल भरतं ५ सीसी. चहाचा एक चमचा! तेवढं तेल खालच्या, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या दट्ट्याला, ज्याचा व्यास पाऊण इंच धरू, सुमारे १७ मिलिमीटर सरकवतं. क्लचचा सगळा कारभार या एका चमच्यावर चालतो, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

आता दाब बघा. पायाचा जोर १२ किलो धरला तर दट्ट्यावर ७२ किलो येतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलो. टायरमध्ये आपण ३० पीएसआय हवा भरतो, तिचा दाब याच मापात सुमारे २ किलो. म्हणजे ही करंगळीएवढी नळी टायरच्या सतरा-अठरा पट दाब सोसते, शहरात दिवसातून शेकडो वेळा. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. तो नियम असलेला पास्कलचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. क्लच जड की हलका हे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग, दोन दट्ट्यांची क्षेत्रफळं आणि पॅडलची तरफ ठरवतात. नळीचा त्यात हात नाही. नळी फुगली की जोर तेवढाच लागतो, पण चाल वाया जाते. चमच्यातलं अर्धा सीसी तेल नळीच्या फुगवट्यात अडकलं, तर स्लेव्हची पावणेदोन मिलिमीटर चाल गेली, म्हणजे दहावा हिस्सा. क्लच प्लेट सुटते तीच मुळी मिलिमीटरभर. ती पुरती सुटली नाही की सगळ्यात आधी तक्रार करतो रिव्हर्स, कारण पुष्कळ गाड्यांत त्याला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवून घेणारी कडी, नसतो. गरम झालेलं रबर आणखी मऊ पडतं, म्हणून रड घाटानंतरची.

रबरी नळीच्या पोटातही विण असते, पण सुताची. ब्रेडेड नळीत ती स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची असते, आणि ती कशी विणतात हे बघण्यासारखं आहे. गोव्यात शिगम्याला गोफ खेळतात ना, अगदी तसंच. अर्धे नाचणारे एका अंगाने फिरतात, अर्धे दुसऱ्या, एकदा आतून, एकदा बाहेरून, आणि वर लटकलेल्या रंगीत दोरांचा गोफ गुंफला जातो. यंत्रात माणसांच्या जागी तारेची रिळं असतात आणि मधून नळी वर सरकत असते. तारा किती तिरक्या पडतात यालाही अर्थ आहे. नळीला दाबाचा ताण घेराच्या दिशेने जेवढा बसतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेने. तार नळीच्या अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन करत असेल, तर दोन्ही ताण बरोबर पेलले जातात; नळी ना लांबते, ना आखडते. हा कोन मला फार सुंदर वाटतो.

आतली नळी टेफ्लॉनची. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरल्याइतकंच. सिलिंडर कापला, तर आत पांढरी भुकटी! तेच हे टेफ्लॉन. क्लचमधलं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच; त्याने ते फुगत नाही, मऊ पडत नाही. फक्त ते झटकन वाकवलं की दुमडतं, आणि दुमडलेली नळी टाकूनच द्यावी.

पण खरं सांगायचं तर नळीइतकाच फरक पडतो ब्लीडिंगने, म्हणजे लाइनमधली हवा काढण्याने. भिजवलेल्या हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा लाइनमध्ये राहिला तर ३६ किलोच्या दाबाखाली तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्याची अर्धा सीसी जागा आपल्याच चमच्यातून भरली जाते. नवीन नळी टाकताना तेल बदलतं, हवा निघते. क्लच सुधारला की श्रेय मात्र एकट्या नळीला. तेलही जुनं होतं. डॉट ४ दर्जाचं हे तेल हवेतली ओल शोषतं. कोरं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. कोकणच्या पावसाळी हवेत तर दर दोन वर्षांनी तेल बदलाच.

आम्ही आधी तेवढंच केलं. "मार... मार... मार... धरून ठेव!" मिस्त्री निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करत, फेसाळ तपकिरी तेल बाटलीत येई, निपल बंद, मगच "सोड". रिव्हर्स निम्मा सुधारला. उरलेल्या निम्म्यासाठी नळी बदलली, तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना नवे. आता क्लच पॅडलच्या वरच्या टप्प्यावर सुटतो, घाटानंतरही. पॅडल हलकं झालेलं नाही. लाइनमधला कंपनीचा डँपर मी काढू दिला नाही. इंजिनाची थरथर पायापर्यंत येऊ नये म्हणून तो असतो.

आठवड्याने खाली वाकून बघितलं, तर नळी जिथे ब्रॅकेटला टेकत होती तिथला रंग निघून पत्रा चकाकत होता. उघडी स्टीलची विण कानशीसारखी घासते. शेजारी वायर असती तर तीही गेली असती. मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन क्लिपा आवळल्या आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली नळी का घेतली नाही, म्हणून मला चार शब्द सुनावले.