वनस्पतींनी घडवलेली निर्जीव सृष्टी

भर उन्हातला दगड आणि त्याच्याशेजारच्या झाडाचे पान यांच्यावर सारखेच ऊन पडत असले, तरी दगड चटका बसण्याइतका तापतो आणि पान मात्र त्यामानाने पुष्कळ थंड राहते. पानावर, बहुधा खालच्या बाजूला, सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. रंध्राच्या कडेच्या दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की ते उघडते आणि त्या सैल पडल्या की मिटते. उघड्या रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती बरीचशी पानातूनच काढून घेतली जाते. ओला दगडही वाळताना थंड होतो. पण पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा राखायचे, याचे नियमन त्याच्या ठायी नाही. सजीव आणि निर्जीव यांतला भेद मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रकाश, तापमान, पाणी, हवा आणि खनिजे या अजैविक घटकांवर वनस्पती अवलंबून असतात, हे आपण शाळेतच शिकतो. तेवढ्यावर थांबणे मात्र अपुरे आहे, कारण वनस्पतीही या घटकांना बदलतात. मुळांनी शोषलेले बहुतांश पाणी पानांवाटे हवेत परतते आणि त्यातले काही पावसाच्या रूपाने पुन्हा खाली येते. हवाईतील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर १९५८ पासून चाललेल्या नोंदींत, उत्तर गोलार्धातल्या वनस्पती जोमाने वाढतात त्या उन्हाळ्यात, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दरवर्षी घटते आणि हिवाळ्यात पुन्हा वाढते.

मातीवरचा परिणाम याहूनही खोल आहे. मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मातीतल्या पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते, ते खडकांतली खनिजे हळूहळू विरघळवते, भेगांत शिरलेली मुळे जाड होताना त्या रुंदावतात, आणि गळलेला पाचोळा कुजून खडकाच्या भुग्यात मिसळतो. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर येण्याआधी आजच्यासारखी सुपीक माती नव्हती. काठ धरून ठेवणारी मुळे नसल्यामुळे तेव्हाच्या नद्याही बहुधा उथळ, पसरट आणि अनेक फाटे फुटलेल्या असत. खोल रुजणाऱ्या वनस्पती पसरल्यानंतरच एकाच पात्रातून वळणे घेत वाहणाऱ्या नद्यांच्या खुणा खडकांत मोठ्या प्रमाणावर आढळू लागतात.