शुक्राजवळून मानवी उड्डाण (नासाचा १९६७चा आराखडा)

तिघा अंतराळवीरांनी शुक्राजवळून जायचे, तिथे न थांबता परत यायचे, अशा मोहिमेचा हा आराखडा. अपोलोच्या नियोजनात नासाला साहाय्य करणाऱ्या बेलकॉम या कंपनीने तो फेब्रुवारी १९६७ मध्ये मांडला. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी प्रस्थान, ३ मार्च १९७४ रोजी शुक्राची भेट, १ डिसेंबर १९७४ रोजी पृथ्वीवर परत. जाताना १२३ दिवस, येताना २७३, एकूण ३९६. प्रत्यक्षात ही मोहीम कधीच मंजूर झाली नाही.

ग्रहाभोवती कक्षेत शिरायचे तर वेग कमी करावा लागतो आणि निघताना पुन्हा वाढवावा लागतो. या दोन्ही वेळचे इंधन पृथ्वीवरूनच वाहून न्यावे लागते. फ्लायबायमध्ये, म्हणजे न थांबता जवळून निघून जाण्यात, हा खर्च वाचतो. शुक्राचे गुरुत्वाकर्षणच यानाचा मार्ग वळवते आणि त्याला पृथ्वीच्या दिशेने लावते. इंजिन लागते ते फक्त मार्गातल्या बारीक दुरुस्त्यांसाठी. म्हणूनच चंद्रासाठी बांधलेला एकच सॅटर्न-५ अग्निबाण पुरेल, असा हिशेब मांडता आला. इंधनात वाचलेले मात्र वेळेत मोजावे लागते. वर्षाहून अधिक प्रवास, आणि ग्रह खऱ्या अर्थाने जवळ असतो ते काही तास. शिवाय शुक्राजवळ नेम थोडा जरी चुकला, तरी परतीच्या वाटेवर ती चूक कितीतरी पटींनी वाढते.

यानाचे तीन भाग होते: अपोलोचे सुधारित यान, चांद्रयानाच्या (अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या भागाच्या) जागी बसवलेला जीवनाधार कक्ष आणि अग्निबाणाचा तिसरा टप्पा एस-४बी. अपोलोच्या इंधनघटांवर दोनेक आठवडेच निभत असल्यामुळे विजेसाठी सौरपट्ट्या योजल्या होत्या. मुख्य इंजिन काढून त्याऐवजी चांद्रयानाची दोन अवतरण-इंजिने बसवायची होती, म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे हाताशी राहिले असते.

चंद्राकडे जाताना आधी एस-४बी पेटे, मग अपोलो यान फिरून चांद्रयानाला जोडले जाई. इथे क्रम उलटा ठेवला होता. पृथ्वीच्या कक्षेतच यान सुटे करायचे, १८० अंशांत फिरवायचे, नाकाने जीवनाधार कक्षाला जोडायचे आणि त्यानंतर एस-४बी पेटवायचा. याचा परिणाम अंतराळवीरांना अंगावर जाणवला असता. एरवी प्रवेगात पाठ आसनात रुतते. इथे ते आसनापासून दूर खेचले जाऊन पट्ट्यांवर तोलले गेले असते. फायदा असा की काही बिघडलेच तर यान तिथून सुटून लगेच आपली इंजिने पेटवू शकले असते. ही सवड अगदी थोड्या वेळापुरती होती. पुढे साठलेला वेग उलटवण्याइतके इंधनच यानात नव्हते, आणि मग परतीची वाट एकच, शुक्राला वळसा घालून.

राहायची जागा म्हणजे एस-४बीची रिकामी झालेली हायड्रोजनची टाकी. उरलेला हायड्रोजन अवकाशात सोडून द्यायचा, टाकीत श्वसनयोग्य हवा भरायची आणि कक्षात ठेवलेले सामान आणून आतल्या चौकटींवर बसवायचे. आराखड्यातले सर्वांत अवघड काम हेच होते. द्रव हायड्रोजनचे तापमान उणे २५३ अंश सेल्सिअस. आधीपासून आत बसवलेली प्रत्येक वस्तू ती थंडी सोसणारी हवी आणि तिचा तुकडाही सुटून इंधननळीत जाता कामा नये. पृथ्वीच्या कक्षेतल्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकासाठीही आधी हीच ‘ओली’ पद्धत ठरली होती. जुलै १९६९ मध्ये नासाने ती सोडली आणि जमिनीवरच पूर्ण सजवलेली कोरडी टाकी पाठवायचे ठरवले.

सूर्यावर खळबळ कमी असेल, असा हिशेब करूनही १९७३-७४चा काळ निवडला होता. तरी तो हिशेब किती नाजूक होता ते ऑगस्ट १९७२ मध्ये दिसले. अपोलो-१६ आणि अपोलो-१७ यांच्या मधल्या काळात सूर्यावर झालेला उद्रेक पातळ भिंतींच्या यानातील माणसांना घातक ठरू शकला असता.

जानेवारी १९६७ मधल्या अपोलो-१च्या आगीने आणि व्हिएतनाम युद्धाच्या खर्चाने अमेरिकी काँग्रेस आधीच सावध झाली होती. ऑगस्टमध्ये नासाच्या ह्यूस्टनच्या केंद्राने मंगळ-शुक्राच्या मानवी फ्लायबायसंबंधी अभ्यासासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, ते नेमके अंदाजपत्रकात कपात चालू असताना. निधी तोडला गेला आणि विषय संपला.

प्रस्थानासाठी ठरलेल्या तारखेनंतर तीनच दिवसांनी, ३ नोव्हेंबर १९७३ रोजी, मानवरहित मरिनर-१० निघाले. ५ फेब्रुवारी १९७४ रोजी ते शुक्रापासून ५,७६८ किमीवरून गेले आणि अतिनील प्रकाशात त्याने ढगांचे पट्टे टिपले. यानाचे वजन जेमतेम ५०० किलो. ‘बिघाड दुरुस्त करायला माणूस हवा’ हा फ्लायबायच्या बाजूचा मोठा युक्तिवाद होता. मरिनर-१०च्या कॅमेऱ्यांचे तापक उड्डाणानंतर लगेच रुसले, अँटेनाही कुरकुरला. पण पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी दुरूनच मार्ग काढत मोहीम पार पाडली.

मानवी फ्लायबायची कल्पना या आराखड्याआधीची आणि अमेरिकेबाहेरचीही आहे. इटलीच्या गाएतानो क्रोक्को यांनी १९५६ मध्ये रोमच्या परिषदेत पृथ्वी-मंगळ-शुक्र-पृथ्वी अशी वर्षभराची फेरी मांडली: ११३, १५४ आणि ९८ दिवस. सोव्हिएत संघात ग्लेब मॅक्सिमोव्ह यांच्या गटाने मंगळासाठी तिघांचे ‘टीएमके’ यान आखले. ते एन-१ अग्निबाणावर अवलंबून होते, आणि एन-१ची १९६९ ते १९७२ मधली चारही उड्डाणे फसली. २०१३ मध्ये अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो यांनी एका जोडप्याला ५०१ दिवसांत मंगळाजवळून फिरवून आणण्याची योजना जाहीर केली. किरणोत्सारापासून आडोसा म्हणून पाणी, अन्न आणि पुढे मलमूत्राच्या पिशव्याही भिंतीलगत रचायच्या होत्या. परतताना वातावरणात शिरण्याचा वेग सेकंदाला १४.२ किमी येत होता. चंद्रावरून येणाऱ्या अपोलोचा ११च्या आसपास. ५ जानेवारी २०१८ ही त्यांची प्रस्थानाची तारीख यान तयार न होताच निघून गेली.