मृत्युपत्रावर घरूनच सही करून येऊ नका

आमच्या दस्तलेखन कार्यालयात मृत्युपत्रासाठी येणारी मंडळी बहुधा एकच प्रश्न आधी विचारतात : "फ्लॅटला, बँकेला नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" नॉमिनीच्या हाती मालमत्ता सोपवली जाते, ती वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी. सोसायटीत नॉमिनीचे नाव लागले म्हणून तो मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली हेच स्पष्ट केले.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायदा करतो. हिंदू पुरुष गेला आणि मागे पत्नी, दोन मुले आणि आई असेल, तर 1956 च्या वारसा कायद्याने चौघांना सारखा हिस्सा. म्हणजे ज्या घरात पत्नीने संसार केला, त्यात तिचा पाव हिस्सा, आणि घर विकायचे तर सगळ्यांच्या सह्या. मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर तर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणून नोकरी करणाऱ्या भगिनींना आम्ही आवर्जून सांगतो : तुमचे मृत्युपत्र यजमानांच्या मृत्युपत्राइतकेच गरजेचे आहे.

आता आमची कळकळीची विनंती. मसुदा वाचायला घरी नेला की बरेच जण त्यावर सही करून टाकतात. मग सवडीने एक साक्षीदार सोसायटीत गाठायचा, दुसरा कट्ट्यावर. "काका, इथे जरा सही करा," एवढ्यावर काम होते. असा कागद आमच्याकडे आला की आम्ही तो पुन्हा छापतो, सगळ्यांना पुन्हा बोलावतो. तुमचा आणि आमचा दिवस जातो, पण इलाज नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. त्या प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले हवे, किंवा "ही सही माझीच" असे तुम्ही स्वतः त्याला सांगितलेले हवे, आणि त्याने तुमच्यासमोर सही केलेली हवी. उद्या वाद झाला तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभे राहून हेच सांगावे लागते. "मला नुसता कागद दिला होता," असे तो म्हणाला की सगळेच अडचणीत येते.

दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असे कायदा म्हणत नाही. आम्ही मात्र तो आग्रह धरतो. एका टेबलाशी तिघे बसलेले असले की आठवणीत फरक पडत नाही. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून लहान वयाचा, पक्क्या पत्त्याचा असावा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार नको.

सह्या होईपर्यंत मुलांना आम्ही बाहेर बसवतो. काहींना राग येतो. पण दबाव टाकून लिहून घेतले, हा आरोप नेहमी त्या खोलीत हजर असलेल्या मुलावरच होतो. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखलाही आम्ही मागतो. हे सगळे आमच्या शुल्कात धरलेले आहे, वेगळे पैसे नाहीत.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहिलेलेही चालते. तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे असे आम्ही सुचवतो, कारण तिथे फोटो आणि अंगठा होतो आणि "सही खोटी" म्हणणे अवघड जाते. सोबत आम्ही येतो. नोंदवलेले मृत्युपत्रही हयातीत केव्हाही बदलता येते. मात्र पेनाने केलेली खाडाखोड चालत नाही, बदलासाठी पुन्हा सही आणि साक्षीदार लागतात.

वडिलोपार्जित एकत्र जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते लिहिता येते. मुस्लिम बांधवांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच, आणि गोव्यातील वारसा कायदा वेगळा. अशा वेळी आधी बोलून घ्या.

येताना सातबारा किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आधार आणि सगळ्यांची पूर्ण नावे आणा. "पुण्याचा फ्लॅट" एवढे लिहून भागत नाही. मसुद्यात दुरुस्त्या हव्या तेवढ्या पेन्सिलीने करा, सहीची जागा कोरी ठेवा आणि दोन्ही साक्षीदारांना जमेल तो दिवस फोनवर आधी ठरवून घ्या.