लिंफोमा पेशींतील हर्पिस विषाणूंची जनुकक्रिया

लिंफोमाच्या (लसीका-पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींत मुक्काम करून असलेल्या हर्पिस विषाणूची कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती गप्प, हे आरएनए व प्रथिने तपासून ठरवण्याचा अभ्यास. यात दोन विषाणू प्रमुख आहेत : १९६४ मध्ये बर्किट लिंफोमाच्या पेशींत आढळलेला एप्स्टाइन-बार विषाणू आणि १९९४ मध्ये ओळखला गेलेला कपोसी सार्कोमाचा विषाणू.

एप्स्टाइन-बार विषाणूच्या सुप्तावस्थेचे (नवे विषाणू न बनवता मोजकी जनुके चालू ठेवून राहण्याचे) प्रकार मानतात; ते पेशीच्या केंद्रकातील ईबीएनए व पटलातील एलएमपी या विषाणू-प्रथिनांवरून ठरतात. बर्किट पेशींत बहुधा ईबीएनए-१ हे एकच प्रथिन (प्रकार १), हॉजकिन लिंफोमात जोडीला एलएमपी-१ व २ (प्रकार २), प्रत्यारोपणानंतरच्या लिंफोमात बहुधा सर्व ईबीएनए व एलएमपी (प्रकार ३). हे कप्पे पक्के नाहीत. काही बर्किट पेशीवंश दीर्घ संवर्धनात प्रकार ३ कडे सरकतात. म्हणून सुरुवातीच्या पिढ्या गोठवून ठेवाव्यात.

प्रकार १ मध्ये ईबीएनए-१ चे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) कोठून सुरू होते, यावर मतभेद होते. १९९० च्या दशकारंभी हे काम एफपी या प्रवर्तकाचे (प्रतिलेखन सुरू करणाऱ्या डीएनए-भागाचे) मानले जाई. पुढे एफपी विलयी चक्रात (नवे विषाणू बनून पेशी फुटते त्या अवस्थेत) चालतो असे दिसले, आणि दशकाच्या मध्यास त्याच्या सुमारे २०० बेस पुढचा क्यूपी हा सुप्तावस्थेतील प्रवर्तक ठरला. हेच मत अधिक सयुक्तिक आहे. चूक कशी झाली हे ध्यानात घेण्याजोगे आहे : संवर्धनातील थोड्या पेशी आपोआप विलयी चक्रात जातात आणि त्यांचा विषाणूजन्य आरएनए इतका विपुल असतो, की शंभरातील दोन-चार पेशींचे बोलणे सगळ्यांचे समजले जाते. म्हणून प्रत्येक नमुन्यात विलयी चक्र सुरू करणाऱ्या झेटा या विषाणू-प्रथिनाला प्रतिपिंड लावून विलयी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्यात.

पेशी आरपीएमआय-१६४० माध्यमात १०% सीरमसह, मिलिलिटरला २ ते ५ लाख अशा वाढवतात. विलयी चक्र चालू करण्यासाठी कपोसी विषाणू असलेल्या बीसीबीएल-१ वंशाला टीपीए हे रसायन (मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम), तर एप्स्टाइन-बार विषाणू असलेल्या अकाटा या बर्किट वंशाला मानवी आयजीजीविरोधी प्रतिपिंड देतात. राजी या बर्किट वंशात विषाणूच्या डीएनएची प्रतिकृती होत नाही, त्यामुळे उशिराची जनुके शोधण्यास तो निरुपयोगी.

आरएनएचे डीएनएत रूपांतर करून पीसीआरने (डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवून) मोजण्यापूर्वी त्यावर डीएनएज (डीएनए तोडणारे एंझाइम) प्रक्रिया अनिवार्य आहे. राजीच्या एका पेशीत विषाणूच्या सुमारे ५० प्रती असतात आणि बऱ्याच विषाणू-जनुकांना इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) नसतो, म्हणजे उरलेला डीएनएही आरएनएसारखाच संकेत देतो. उलट-प्रतिलेखक (आरएनएवरून डीएनए बनवणारे) एंझाइम न घातलेली नळी शेजारी चालवावी. दोहोंत पीसीआरच्या ७ चक्रांहून कमी अंतर असेल तर नमुना पुन्हा स्वच्छ करावा. एप्स्टाइन-बारच्या ईबर या छोट्या आरएनएला पॉली-ए शेपटी (टोकाची ए बेसांची माळ) नसते, तेव्हा त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्राइमरने (डीएनए-निर्मिती सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याने) तो निसटतो. यादृच्छिक प्राइमर घ्यावेत. कपोसी विषाणूत लाना, व्ही-सायक्लिन व व्ही-फ्लिप या सुप्तावस्थेतील प्रथिनांच्या आरएनएंचे शेवट एकच असल्याने व्ही-फ्लिपच्या जागी लावलेला प्राइमर लानाचा लांब आरएनएही मोजतो. तेथे स्प्लाइस-जोडावर (इंट्रॉन कापल्यावर उरलेले तुकडे जुळतात त्या ठिकाणी) बसणारा प्राइमरच हवा.

तुलनेसाठी बहुतेक जण पेशीच्या स्वतःच्या जीएपीडीएच जनुकाचा आरएनए वापरतात. विलयी पेशींत तो धोक्याचा आहे : कपोसी विषाणूचे सॉक्स आणि एप्स्टाइन-बारचे बीजीएलएफ-५ ही प्रथिने यजमान पेशीचे एमआरएनए तोडतात. तुलनेचा हा भाजक घटला की विषाणू-जनुक वाढल्याचा भास होतो. १८एस राइबोसोमी आरएनए, किंवा त्याहून बरे म्हणजे पेशींच्या मोजणीनुसार बाहेरून घातलेला ज्ञात आरएनए घ्यावा.