लेटे गल्फ १९४४: तिसरं आरमार, पाचवं आरमार आणि एक 'करण्यात येईल'

पॅसिफिकमधल्या अमेरिका-जपान युद्धातलं पर्ल हार्बर, मिडवे सगळ्यांना पाठ असतं म्हणून ते सोडून देतो. घोळ होतो तो १९४४ ला. जूनमध्ये फिलिपाईन समुद्रात लढलं ते अमेरिकेचं पाचवं आरमार आणि ऑक्टोबरमध्ये फिलिपाईन्समधल्या लेटे बेटाजवळ तिसरं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळे ताफे. तर तसं नाही, मोठी जहाजं बरीचशी तीच, अ‍ॅडमिरल बदलला की पाटी बदलायची, त्यातल्या टास्क फोर्सचा, म्हणजे मोहिमेसाठी काढलेल्या तुकडीचा, नंबर ५८ चा ३८ व्हायचा. एक समुद्रावर असला की दुसरा पुढच्या मोहिमेचं प्लॅनिंग करत बसायचा.

सातवं आरमार मात्र खरंच वेगळं, लेटेवर सैन्य उतरवणाऱ्या जनरलच्या हाताखाली. तिसऱ्याच्या अ‍ॅडमिरलचा साहेब बसलेला हवाईत. दोघांवर मिळून तिथे एक कमांडर नाहीच.

२४ ऑक्टोबरला दुपारी तिसऱ्या आरमारात मेसेज फिरला की मोठ्या तोफांच्या अमुक बॅटलशिप काढून टास्क फोर्स ३४ 'तयार करण्यात येईल'. आपल्याकडे जीआरमध्ये असतं ना, समिती स्थापन करण्यात येईल, तसलंच. सातव्याच्या कानावर तो पडला आणि ते ३४ तयार झाला, लेटेकडे यायच्या उत्तरेकडच्या वाटेवर, सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीवर, पहारा बसला असं धरून चालले. संध्याकाळी उत्तरेला जपानी कॅरियर, म्हणजे विमानवाहू जहाजं, दिसल्या आणि तिसरं आरमार झाडून सगळं त्यांच्यामागे गेलं. चार कॅरियर, सगळ्यांवर मिळून विमानं शंभरेक, निव्वळ आमिष! लोक तिसऱ्याच्या अ‍ॅडमिरलला मूर्ख ठरवतात, मला ते पटत नाही, जूनमध्ये पाचव्याच्या अ‍ॅडमिरलने पाठलाग केला नाही म्हणून त्याला किती बोल लागले ते याला माहीत होतं. पण सामुद्रधुनीवर एक डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटी युद्धनौकासुद्धा ठेवू नये?

त्याच मोकळ्या सामुद्रधुनीतून रात्री जपानी ताफा आला आणि २५ ला सकाळी समार बेटाजवळ त्यातली बॅटलशिप यामातो दिसली तेव्हा समोर सातव्याच्या ६ छोट्या एस्कॉर्ट कॅरियर, ३ डिस्ट्रॉयर, ४ डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट. तिच्या तोफा १८ इंची, यांच्या ५ इंची. यांनी धूर सोडला, टॉर्पेडो घेऊन सरळ अंगावर गेले, वरून विमानं, आणि दोनेक तासांनी जपानी ताफाच मागे वळला. त्यात बुडालेली डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट सॅम्युअल बी. रॉबर्ट्स २०२२ मध्ये सापडली, जवळपास ६,९०० मीटर खोल.

सातवं आरमार आपल्याला माहीत ते १९७१ मुळे, बंगालच्या उपसागरात त्याची कॅरियर एंटरप्राइझ आली होती तेव्हापासून. आज त्याचं मुख्य जहाज असतं योकोसुकाला, म्हणजे जपानातच. तिसरं आता सॅन दिएगोला, आणि पाचवं हे नाव १९९५ मध्ये परत काढून बहारीनला दिलं, जुन्या ताफ्याशी त्याचं नातं तेवढ्या आकड्यापुरतंच.