प्रकाशीय विभाजक

एका प्रकाशतंतूतून आलेली प्रकाशशक्ती अनेक तंतूंत वाटून देणारा आणि उलट दिशेने त्या तंतूंतील प्रकाश एका तंतूत आणणारा घटक. व्यवहारात तो ‘स्प्लिटर’ म्हणूनच ओळखला जातो. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग नसतात आणि त्याला वीज लागत नाही. त्यामुळे निष्क्रिय प्रकाशीय जाळ्यात (पॉन) केंद्रातील ओएलटी (सेवा पुरवणाऱ्याचे मुख्य उपकरण) आणि ग्राहकाकडील ओएनटी (तंतूच्या टोकाचे उपकरण) यांच्या दरम्यान विजेवर चालणारे काहीही ठेवावे लागत नाही.

विभाजकाचा उगम कोणत्या प्रयोगापासून मोजावा, हे निकषावर अवलंबून आहे. कावासाकी व हिल यांनी १९७७ मध्ये मल्टिमोड तंतू (ज्यांच्या रुंद गाभ्यातून प्रकाश अनेक रूपांत जातो) वितळवून-ताणून केलेला युग्मक, म्हणजे दोन तंतूंत प्रकाशाची देवाणघेवाण घडवणारा जोड, प्रसिद्ध केला. मात्र आजची पॉन जाळी सिंगल मोड तंतूंवर (ज्यांतून प्रकाश एकाच रूपात जातो) उभी आहेत. या तंतूंचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, जेमतेम ८–९ मायक्रोमीटर व्यासाचा असल्याने दोन गाभे पुरेसे जवळ आणणे हीच खरी अडचण होती. शीम व जलोरेन्झी यांनी १९७९ मध्ये रसायनाने गाभ्याभोवतीचे काचेचे आवरण झिजवून ती सोडवली. बर्ग, कॉटलर व शॉ यांनी १९८० मध्ये काचेच्या ठोकळ्यांत बसवलेले तंतू घासून तेच साधले. कावासाकी, हिल व लॅमाँट यांचा वितळवून ताणलेला सिंगल मोड युग्मक १९८१ चा. सिंगल मोड युग्मकांत केवळ प्रसिद्धीचे वर्ष पाहिले, तर अग्रक्रम १९७९ च्या प्रयोगाकडे जातो. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात टिकली ती वितळवून ताणण्याची रीत, म्हणून आजच्या विभाजकाची वंशरेषा तिच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अशा विभाजकांवर आधारलेल्या दूरध्वनी जाळ्याची मांडणी ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी १९८७ मध्ये केली.

वितळवून ताणलेल्या विभाजकात (एफबीटी) दोन तंतू एकमेकांना चिकटवून तापवतात व ओढतात. मान बारीक होत जाते तसा गाभा प्रकाशाला धरून ठेवू शकत नाही. प्रकाश आवरणात पसरतो आणि शक्ती एका तंतूकडून दुसऱ्याकडे व पुन्हा परत अशी ये-जा करू लागते. ओढताना दोन्ही टोकांची शक्ती मोजत राहतात आणि हवे ते प्रमाण आले की थांबतात. ये-जा करण्याचे हे अंतर तरंगलांबीनुसार बदलते, त्यामुळे १३१० नॅनोमीटरला नेमके अर्धे वाटणारा साधा युग्मक १५५० ला तसे वाटत नाही. समतल तरंगमार्ग (पीएलसी) प्रकारात सिलिकाच्या थरात वाय आकाराच्या शाखा कोरलेल्या असतात. एका शाखेला दोन, त्यांना चार असे करत ३२ किंवा ६४ मुखे तयार होतात. त्यांची वाटणी १२६० ते १६५० नॅनोमीटर या पट्ट्यात बऱ्यापैकी समान राहते. मोठ्या विभाजनासाठी हाच प्रकार रूढ आहे.

प्रत्येक दुभागणीत शक्ती निम्मी होते, म्हणजे ३.०१ डेसिबेल (शक्तीतील घट मोजण्याचे एकक) जातात. म्हणजे १:८ ला ९.०३ आणि १:३२ ला १५.०५, हे सिद्धांतानुसार. प्रत्यक्षात १:३२ ला साधारण १७ धरतात. जीपॉन या गिगाबिट वेगाच्या पॉन मानकाच्या बी+ वर्गात एकूण २८ डेसिबेलपर्यंत घट चालते. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डेसिबेल धरले, तर २० किलोमीटर तंतूचे ७ होतात. विभाजकाचे १७ मिळवल्यावर जोड व कनेक्टर यांच्यासाठी ४ उरतात.

घट परतीच्या दिशेनेही तेवढीच होते, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. एकच ग्राहक प्रकाश पाठवत असेल आणि बाकीची मुखे अंधारी असतील, तरीही १:३२ विभाजकातून त्याच्या शक्तीचा बत्तिसावा भागच मूळ तंतूत पोहोचतो. वाय शाखेत एका बाजूने आलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग अशा रूपात जातो, जे पुढचा सिंगल मोड मार्ग वाहून नेऊ शकत नाही. तो आवरणात विखुरतो. युग्मकाला दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार पाय असतात; त्यात तोच निम्मा भाग मूळ बाजूच्या न वापरलेल्या चौथ्या पायातून बाहेर पडतो. ही बनावटीतली उणीव नव्हे. कितीही सफाईने केला, तरी निष्क्रिय विभाजकाला हा नियम चुकवता येत नाही.

विभाजक शक्ती वाटतो, माहिती नव्हे. ओएलटीचा १४९० नॅनोमीटरचा संकेत प्रत्येक ओएनटीपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. ज्याचे त्याने घ्यावे यासाठी पत्ता आणि एईएस-१२८ कूटलेखन लागते. उलट दिशेला १३१० नॅनोमीटरवर सगळे एकदम बोलले तर संकेत मूळ तंतूत एकमेकांवर आदळतील, म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ नेमून देतो.

विभाजन एकाच ठिकाणी करतात किंवा टप्प्याटप्प्याने, उदाहरणार्थ आधी १:४ व पुढे १:८. लांबट वस्तीत असमान विभाजकही वापरतात. केंद्राकडून ओटीडीआरने (तंतूत स्पंद सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने) तपासताना सर्व शाखांचे परावर्तन एकमेकांत मिसळते. शाखा ओळखता याव्यात म्हणून ग्राहकाच्या टोकाला १६५० नॅनोमीटरच्या आसपासचा तपासणी-प्रकाश परत पाठवणारा परावर्तक बसवतात.