इंग्रजी शिकल्याने भावी शिक्षकांचे संस्कार बदलतात?

डी.एड., बी.एड.ची मुलं इंग्रजीत रुळली की कोरडी होतात, त्यांची मूल्यं बदलतात, ही समजूत जुनीच. हल्ली तिच्या आधाराला २०१४चा एक प्रयोग पुढे केला जातो: रुळावरून बेफाम सुटलेली ट्रॉली पाच जणांच्या अंगावर चालली आहे; त्यांना वाचवायला एका धिप्पाड माणसाला पुलावरून तिच्यासमोर ढकलाल का? मातृभाषेत विचारलं तर होकार कमी, परभाषेत जास्त.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. ढकलण्याऐवजी नुसता रुळाचा सांधा बदलून ट्रॉली एकच माणूस असलेल्या दुसऱ्या रुळावर वळवायची असली, तर दोन्ही भाषांत उत्तरं जवळपास सारखीच आली. शिवाय परभाषेवर पकड वाढली तसा फरकही ओसरला. मूल्यं बदलली असती तर असं झालं नसतं. भावनेची धग तेवढी कमी झाली असावी.

वर्गात याचा त्रास होतो, हे खरं. सराव पाठात छात्राध्यापिका ‘व्हाय आर यू लेट?’ म्हणते ते पाठ केलेलं वाक्य असतं. पोर गप्प होतं, कारण त्यामागची काळजी त्याच्यापर्यंत पोचत नाही. बाई निर्दय नसतात, इंग्रजी तोकडं असतं. म्हणून ‘ओपन युवर बुक्स’सारख्या सूचना खुशाल इंग्रजीत द्याव्यात, रागावणं, समजूत काढणं, भांडण मिटवणं मात्र इंग्रजी अंगवळणी पडेपर्यंत मराठीतच करावं.